पुराच्या पाण्यावर कालवा

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी बऱ्याच दिवसांनी खडकवासल्याला गेलो होतो. सिंहगडावरून उतरताना चौपाटीवर गाडी लावायची, भाजलेलं कणीस घ्यायचं आणि धरणाकडे बघत बसायचं, हा आमचा कॉलेजपासूनचा कार्यक्रम. या वेळी बरोबर दोघं होते. एक माझा सिव्हिलवाला मित्र, जो पाटबंधाऱ्यांची डिझाइन्स करतो, आणि दुसरा माझा धाकटा आतेभाऊ. आदल्या दोन दिवसांत घाटात जोरदार पाऊस झाला होता आणि दरवाजे उघडून मुठेत पाणी सोडलं होतं. ते पांढरंशुभ्र पाणी बघून आतेभावाने अगदी साधा प्रश्न विचारला.

"एवढं पाणी फुकट चाललंय, हे सगळं कालव्यात का नाही घेत? कालवा मोठा केला तर?"

मित्राने कणीस खाता खाता उत्तर दिलं. धरण बांधताना दोन वेगवेगळे हिशेब करतात म्हणे. सांडवा बांधायचा तो मोठ्यात मोठ्या पुराच्या हिशेबाने, म्हणजे भिंत वाचते. पण कालवा आणि त्याच्या भरवशावरची शेती ठरवायची ती भरवशाच्या पाण्याच्या हिशेबाने, ढोबळमानाने चार वर्षांपैकी तीन वर्षं जेवढं पाणी नक्की मिळेल तेवढ्याच्या. "आजचं पाणी बघून कालवा खणलास तर उरलेलं वर्षभर कोरड्या कालव्यात क्रिकेट खेळशील," असं म्हणून त्याने कणसाचा बुरकुंडा टाकला.

आतेभाऊ हसला आणि म्हणाला, "म्हणजे दादा, माझ्या कंपनीने पुराच्या पाण्यावर कालवा खणला होता तर!"

मी हसलो खरा, पण मला ते लागलं. का लागलं ते शेवटी सांगतो. आधी त्या पुराची गोष्ट.

*

९ मार्च २०२० ला महाराष्ट्रातले पहिले दोन कोरोना रुग्ण सापडले, आपल्या पुण्यातच. दोन आठवड्यांत लॉकडाऊन लागला आणि हिंजवडी ओस पडली. आज आठवणं कठीण जातं, पण तेव्हा आमच्या धंद्यात चर्चा तेजीची नव्हती, भीतीची होती. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत टीसीएससारख्या कंपनीचाही महसूल घटला. बहुतेक ठिकाणी पगारवाढी गोठल्या, नवी भरती थांबली. ज्यांच्याकडे नोकरी होती ते मुकाट्याने डायनिंग टेबलवर लॅपटॉप ठेवून कामाला लागले.

आणि मग सहा महिन्यांत चित्र उलटलं. दुकानं बंद, बँकेच्या शाखा बंद, शाळा बंद. जे काही करायचं ते ऑनलाइन. अमेरिका-युरोपातल्या ज्या कंपन्या "पुढच्या पाच वर्षांत क्लाउडवर जाऊ" म्हणत होत्या, त्या "पुढच्या पाच महिन्यांत जाऊ" म्हणायला लागल्या. त्यातून व्याजदर शून्याच्या जवळ, पैसा स्वस्त. ऑक्टोबर २०२० पर्यंत टीसीएसचे तेव्हाचे प्रमुख राजेश गोपीनाथन तंत्रज्ञान बदलाच्या अनेक वर्षं चालणाऱ्या चक्राबद्दल बोलू लागले होते आणि हा त्याचा फक्त पहिला टप्पा आहे असं सांगत होते. हे ते एकटेच म्हणत नव्हते. सगळेच म्हणत होते. आम्हीसुद्धा कँटीनमध्ये (म्हणजे टीम कॉलवर) तेच म्हणत होतो.

आता आकडे बघा. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षात टीसीएसची माणसं १,०३,५४६ ने वाढली. इन्फोसिसची ५४,३९६ ने. इन्फोसिसने त्या वर्षी कॉलेजांमधून सुमारे ८५ हजार फ्रेशर घेतले. त्याच वेळी नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण इन्फोसिसमध्ये २७.७ टक्क्यांवर पोचलं होतं, म्हणजे दर चारांतला एक जण वर्षभरात बाहेर.

त्या एकात मीही होतो (त्या कंपनीत नव्हे, पण प्रकार तोच). २०२१ च्या शेवटी मी नोकरी बदलली आणि पगार जवळजवळ दुप्पट झाला. वाटलं, आपण केवढे हुशार. दोन वर्षांत कोडिंग तेवढंच येत होतं, पण बाजार म्हणत होता दुप्पट, मग दुप्पट!

इथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे. मी कंपनी बदलली तेव्हा जगात काम एका माणसाचंच होतं. पण जुन्या कंपनीत एक जागा रिकामी झाली म्हणून त्यांनी भरती काढली, आणि नव्या कंपनीत एक जागा भरली म्हणून त्यांच्या आकड्यात एक माणूस वाढला. माझ्या जागी जो आला त्याने तिसऱ्या कंपनीत जागा रिकामी केली. प्रत्येक कंपनीच्या एचआरला स्क्रीनवर एकच गोष्ट दिसत होती, माणसं कमी पडतायत. त्यातून एकेका उमेदवाराच्या हातात तीन-चार ऑफर लेटरं. कंपन्यांना ठाऊक होतं की दहांतले चार-पाच येणारच नाहीत, म्हणून दहा हवे असतील तर त्या वीस लेटरं वाटायच्या. एकच मागणी चार आरशांत दिसत होती आणि चार मागण्या म्हणून मोजली जात होती.

२०२२ मध्ये अमेरिकेत महागाई वाढली. मार्चमध्ये जवळपास शून्यावर असलेला फेडचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. क्लायंट खर्चाचा हिशेब मागू लागले. आणि आरसे एकदम फुटले. नोकरी सोडणारे सोडेनासे झाले. ज्यांच्याकडे चार ऑफर होत्या त्यांच्याकडे एकच उरली. ज्या वीस जणांतले दहाच येतील असं धरलं होतं ते वीसच्या वीस दारात उभे राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशरना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं. इन्फोसिसने एप्रिल २०२३ मध्ये वर्षभरात ४ ते ७ टक्के वाढीचा अंदाज दिला होता, जुलैत तो १ ते ३.५ टक्क्यांवर आणला, आणि प्रत्यक्षात वाढ झाली १.४ टक्के. २०२३-२४ संपलं तेव्हा इन्फोसिसची माणसं २५,९९४ ने कमी झाली होती, विप्रोची २४,५१६ ने आणि टीसीएसची १३,२४९ ने. टीसीएसच्या बाबतीत तर २००४ मध्ये शेअर बाजारात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं. तिन्ही मिळून ६३ हजारांच्या वर. यातले बरेचसे स्वतःहून गेलेले, ज्यांची जागा भरलीच नाही. पण ती न भरलेली जागा म्हणजेच कुठेतरी ईमेल रिफ्रेश करत बसलेला एक फ्रेशर.

*

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. शॉपिफायचे प्रमुख टोबी ल्युटके यांनी जुलै २०२२ मध्ये दहा टक्के माणसं कमी करताना कर्मचाऱ्यांना सरळ कबूल केलं की ऑनलाइन खरेदी पाच-दहा वर्षं पुढे गेली आणि आता ती तिथेच राहील असा आपला डाव होता, तो चुकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये झुकेरबर्ग यांनी ११ हजार लोकांना काढताना साधारण तीच कबुली दिली. घरात व्यायामाच्या सायकली विकणाऱ्या पेलोटनने मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत ४० कोटी डॉलरचा कारखाना जाहीर केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केला. नऊ महिने!

पेलोटन कशाला, माझीच सायकल घ्या. २०२० च्या पावसाळ्यानंतर पुण्यात गिअरची सायकल मिळणं म्हणजे लग्नाचा हॉल मिळण्याइतकं अवघड झालं होतं. मी तीन दुकानांत नाव नोंदवलं होतं, जिथे आधी येईल तिथे घेऊ म्हणून. आता तीन दुकानदारांनी आपापल्या वितरकाला "एक गिऱ्हाईक वाट बघतंय" असं सांगितलं असणार. वितरकाने कंपनीला, कंपनीने गिअर बनवणाऱ्याला. सायकलींचे गिअर-ब्रेक बनवणाऱ्या जपानच्या शिमानोची विक्री २०२२ मध्ये ६२८ अब्ज येनपर्यंत चढली आणि २०२३ मध्ये ४७४ अब्जांवर आली. चाबूक हलवताना मनगट थोडंसंच हलतं, पण टोक केवढं फटकारतं, तसा हा प्रकार. ज्या सायकलीवरून मी २०२१ मध्ये दर रविवारी खडकवासल्याला यायचो ती आता बाल्कनीत आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात. तरुण वयात सायकल घेणारा मी पुढची दहा वर्षं काही दुसरी सायकल घेत नाही. म्हणजे दुकानदाराला २०२० मध्ये जे नवीन गिऱ्हाईक वाटलं ते खरं तर पुढच्या काही वर्षांतलं उसनं आणलेलं गिऱ्हाईक होतं.

थोडक्यात काय, तर तेजीत मागणी तीन प्रकारची असते. एक, उद्याची आज आलेली (माझी सायकल). दोन, दुसरीकडची इकडे आलेली (थिएटर बंद म्हणून ओटीटी). आणि तीन, खरोखर नवी, जी राहणार आहे. ग्राफवर तिघींची रेघ एकसारखीच वर जाते. गोची तिथे आहे.

*

आता थोडं मागे जाऊ. महामारी नव्हे, पण युद्धामुळे आलेला असाच एक पूर आपल्या मुलखाने दीडशे वर्षांपूर्वी पाहिलाय आणि त्याची वर्णनं वाचताना मला सारखं २०२१ आठवत होतं.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. त्याआधी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. तो जवळजवळ बंद झाला आणि १८६२ पर्यंत ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसातला बहुतेक कापूस हिंदुस्थानचा होता. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८५५ मध्ये जिथे जेमतेम दहा कंपन्या नव्हत्या तिथे जानेवारी १८६५ पर्यंत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, २० विमा कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या उभ्या राहिल्या. प्रेमचंद रायचंद या दलालाच्या शब्दावर बाजार हलायचा. बॅकबे बुजवायला निघालेल्या कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांपर्यंत भाव आला.

युद्ध कधीतरी संपणार हे सगळ्यांना माहीत होतं. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. कोणीही मूर्ख नव्हतं. लोकांना एवढंच वाटत होतं की युद्ध संपलं तरी मुंबई आता पहिल्यासारखी राहणार नाही, पातळी कायमची वर गेलीय. ("न्यू नॉर्मल" हा शब्द तेव्हा नव्हता इतकंच.) ९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला, बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे व्यवहार पुरे करायची वेळ आली तेव्हा देणं कोणालाच जमेना. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. ती बँक पुढे बुडालीच.

पण मला खरी गोष्ट मुंबईची वाटत नाही, आपल्या पुणे जिल्ह्यातली वाटते. तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला कापसाच्या एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल मिळत होती. मुंबईचा व्यापारी सावकाराला पैसा देई, सावकार शेतकऱ्याला. तेजी गेली, तसा वरून पैसा आटला आणि सावकाराने हात आखडता घेऊन जुनी वसुली सुरू केली. त्यात सरकारने भर घातली. इंदापूर तालुक्यातला तीस वर्षांचा शेतसाऱ्याचा करार नेमका याच सुमारास संपला आणि १८६७ मध्ये नवा सारा ठरला. कशाच्या आधारे? तर तेजीतल्या चढ्या भावांच्या! पुढे ज्या ज्या तालुक्यांत फेरआकारणी झाली तिथे सारा ५० ते १०० टक्क्यांपर्यंत वाढला. भाव उतरले, सारा उतरला नाही. म्हणजे पुराच्या पाण्याची पातळी बघून पुढच्या तीस वर्षांचा हिशेब सरकारी कागदावर पक्का झाला. पुण्यातल्या सार्वजनिक सभेने यावर आवाज उठवला, पण व्हायचं ते झालंच. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे जाळले. तेच दख्खनचे दंगे.

कोणी अंदाज बांधला आणि कोणी भोगलं, ते बघा. बॅकबेच्या शेअरवर ज्यांनी डाव लावला ते तरी निदान डाव लावायला बसले होते. सुप्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारलंही नव्हतं.

आणि योगायोग असा, की हे सगळं चाललं होतं त्याच वर्षांत आपलं हे खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं. कर्नल फाइफ यांच्या नावावरून इंग्रज या तलावाला लेक फाइफ म्हणायचे. १८७९ मध्ये ते पूर्ण झालं, आणि दंग्यांनंतर शेतकऱ्यांसाठी केलेला दख्खन कृषक कायदाही त्याच वर्षीचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा हे जुनं धरणही गेलं, नंतर पुन्हा बांधलं. आज याचा उजवा कालवा पुणे शहरातून निघून दौंड, इंदापूरपर्यंत जातो. हो, तेच इंदापूर.

*

परत आपल्या काळात येऊ. मुंबईकडचंच एक उदाहरण आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीची कमाल किंमत साडेचार हजार रुपये होती. महाराष्ट्र सरकारने ती टप्प्याटप्प्याने उतरवत ३१ मार्च २०२१ ला ५०० वर आणली. म्हणजे भाव काय दिशेने चाललाय हे उघड दिसत होतं. तरीही जून २०२१ मध्ये फार्मईझीने नवी मुंबईच्या थायरोकेअरमधला ६६ टक्के हिस्सा ४,५४६ कोटींना, १,३०० रुपये शेअर या भावाने घ्यायचं जाहीर केलं. औषधं घरपोच, तपासण्या घरपोच, लोकांची सवयच बदलली, असा विचार. पुढे दुसरी लाट ओसरली, लोक परत कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे जाऊ लागले. फार्मईझीने ऑगस्ट २०२२ मध्ये आयपीओचा अर्ज मागे घेतला, २०२३ मध्ये आधीच्या मूल्यापेक्षा सुमारे ९० टक्के कमी किमतीला पैसे उभे केले. थायरोकेअरचा शेअर त्या वर्षी पाचशेच्या खाली आला होता.

इथवर वाचून कोणी म्हणेल, सगळेच हावरट आणि मूर्ख. तसं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण मांजरीचं काय करायचं?

मांजरी म्हणजे हडपसरच्या पुढची, जिथे सीरम इन्स्टिट्यूट आहे. १२ जानेवारी २०२१ ला कोव्हिशील्डचे पहिले ट्रक तिथून बाहेर पडले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा महिन्याला सहा-सात कोटी डोस बनत होते आणि ते कुठेच पुरत नव्हते. लसीकरण केंद्रांबाहेरच्या रांगा, कोविनवर स्लॉटसाठी मारामारी, हे सगळं आपण अनुभवलंय. (मी तर स्लॉट शोधायला स्क्रिप्ट लिहिली होती. आपल्यापैकी निम्म्यांनी लिहिली असेल.) केंद्र सरकारने आगाऊ पैसे दिले, क्षमता वाढवली, वर्षाअखेरीस ती महिन्याला वीस कोटींच्या पुढे गेली. आणि नेमकी तेव्हाच मागणी संपली. डिसेंबर २०२१ मध्ये अदर पूनावाला यांनी उत्पादन निम्म्यावर आणत असल्याचं सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुण्यात बोलताना ते म्हणाले की डिसेंबरपासून कोव्हिशील्ड बनवणंच थांबवलंय आणि साठ्यातले सुमारे दहा कोटी डोस मुदत संपून वाया गेलेत. एप्रिल २०२२ मध्ये खासगी रुग्णालयांसाठी डोसची किंमत ६०० वरून २२५ केली होती, जुलैपासून सरकारने बूस्टर फुकट दिला, तरी लोक येईनात.

आता सांगा, हा चुकलेला अंदाज म्हणायचा का? ग्राफ बघितला तर पेलोटनसारखाच दिसतो. पण एप्रिल २०२१ मध्ये कोणी शहाणपणाने "ही मागणी टिकणार नाही, जपून वाढवा" असं म्हटलं असतं तर त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागली असती. दहा कोटी डोस जास्त झाले हा तोटा आहे, पण दहा कोटी कमी पडले असते तर तो तोटा नव्हे, अनर्थ होता. मित्राच्या भाषेत सांगायचं तर लस हा सांडवा होता. तो पुराच्या हिशेबानेच बांधायचा असतो आणि वर्षातले अकरा महिने तो कोरडा दिसला म्हणून कोणी इंजिनिअरला नावं ठेवत नाही.

म्हणजे चूक "मोठा अंदाज बांधला" ही नव्हे. आपण बांधतोय तो सांडवा आहे की कालवा, हे न विचारता बांधला ही चूक. पूर ओसरला की सांडव्याचं काम संपतं. कालव्याचं मात्र तेव्हा सुरू होतं, कारण तोवर त्याच्या भरवशावर कोणीतरी ऊस लावलेला असतो.

आणि सगळंच ओसरलं असंही नाही. त्या दिवशी चौपाटीवर कणसाचे पैसे आम्ही क्यूआर कोडवर दिले. मार्च २०२० मध्ये यूपीआयचे महिन्याला सुमारे १२५ कोटी व्यवहार होत होते, ऑगस्ट २०२३ मध्ये ते हजार कोटींच्या पुढे गेले. तीही कोरोनातली तेजीच होती, पण ती उतरली नाही, वाढली. का? मला वाटतं, नोटेला हात लावायची भीती गेली तरी सुट्ट्या पैशांची कटकट होतीच. भीतीने सवय लावली, पण सोयीने ती टिकवली. घरी सायकलिंग करायला लावणारी भीती गेल्यावर मात्र खाली फक्त सायकल उरली. तेजीत बसलेल्या माणसाने खरा प्रश्न विचारायचा तो हा, की भीती वजा केली तर याचं कारण शिल्लक राहतं का?

अर्थात हे आज लिहिणं सोपं आहे. तेव्हा विचारलं असतं तर मीही चुकीचंच उत्तर दिलं असतं. असतं काय, दिलंच होतं.

*

तर आता ते लागलेलं वाक्य.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आतेभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या हातात दोन ऑफर होत्या. एक भोसरीतली छोटी ऑटोमेशन कंपनी, पगार जरा कमी, पण परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी या. दुसरी मोठी आयटी कंपनी (नाव नको). आत्याने मला फोन केला, "तू त्यातला आहेस, तूच सांग बाबा." आणि मी, नुकताच दुप्पट पगार घेतलेला मी, अगदी ठामपणे म्हणालो, "मोठी घे. डिमांड एवढी आहे की हे लोक तुला जूनऐवजी मेमध्येच बोलावतील."

जॉइनिंगची तारीख तीन वेळा पुढे गेली. चौथ्यांदा ईमेलच आली नाही. चौदा महिने तो घरी होता. या काळात नातेवाइकांच्या लग्नाला जाणं त्याने बंद केलं, कारण प्रत्येक जण विचारायचा, "काय मग, लागला का जॉइन व्हायला?" भोसरीवाल्यांनी तोपर्यंत दुसरा मुलगा घेतला होता. शेवटी चाकणच्या एका कारखान्यात पीएलसीच्या कामाला तो लागला, जवळजवळ त्याच पगारावर जो त्याला दीड वर्षापूर्वी भोसरीत मिळणार होता.

मी कुठल्याही कंपनीचा सीईओ नाही. माझ्याकडे मॉडेल्स नव्हती, सल्लागार नव्हते. पण मी अगदी तेच केलं जे त्यांनी केलं. माझ्या एका वर्षाच्या पगाराची रेघ पुढे ओढली आणि तिच्यावर दुसऱ्याचं वर्ष लावलं. मला काही झालं नाही. माझी नोकरी शाबूत होती, पगारही. कोरड्या कालव्यात उभा होता तो.

हे सगळं मी त्याला खडकवासल्याहून परत येताना सांगितलं. गाडी सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, त्यामुळे वेळ भरपूर होता :) मला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल, निदान टोमणा तरी. तो म्हणाला, "दादा, तू नसतं सांगितलंस तरी मी मोठीच घेतली असती. सगळे तेच घेत होते." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पण पुढच्या वेळी आत्मविश्वास जरा कमी दाखव."

बरोबर आहे त्याचं. गेल्याच महिन्यात शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीसाठी मला विचारलं, एआयचा कोर्स घेऊ का, त्यात खूप डिमांड आहे म्हणतात. मी त्यांना उत्तर दिलं नाही. म्हटलं, तिला घेऊन या, बसून बोलू, आणि हातातलं दुसरं काही तोवर सोडू नका.

असो. पाऊस थांबलाय, दरवाजे बंद झालेत. या रविवारी पुन्हा खडकवासल्याला जायचा विचार आहे. या वेळी सायकलने, टॉवेल काढून.